मागचं वाचणाऱ्या काकू

काकूंच्या घरात कुठलीही वस्तू आधी पालथी व्हायची आणि मगच आत जायची. बिस्किटांचा पुडा असो, फिनेलची बाटली असो, नाहीतर मी कौतुकाने नेलेला केक असो. त्या कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि मागचा बारीक मजकूर सावकाश वाचायच्या. परळच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या खिडकीत बसून त्यांनी तीस वर्षं औषधं दिली होती. "पुढच्या बाजूला जाहिरात असते गं," त्या म्हणायच्या, "कबुलीजबाब मागे असतो." भोईवाड्यात, कोर्टाच्या इतक्या जवळ राहिल्यावर असले शब्द तोंडात बसणारच.

त्या तळमजल्यावर राहायच्या, मी दुसऱ्यावर. त्यांचे यजमान नाना माझगावला गोदीत वेल्डर होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांची नावं, मग काकू. एका सकाळी ते कामाला निघालो म्हणून बाहेर पडले आणि संध्याकाळी शीव कोळीवाड्यात एका कोळणीच्या ओट्यावर सापडले. तिने त्यांना भात वाढला होता. घरी आल्यावर काकूंनी दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

ते कुलूप पुढे काही वर्षं निघालं नाही म्हटलं तरी चालेल. दूध, भाजी, औषधं खिडकीच्या गजांतून आत जात. ठाण्याची मुलगी रविवारी यायची, तेव्हा काकूंनी मोकळं व्हावं, कुठेतरी जाऊन यावं असं आम्हाला वाटायचं. पण त्या झोपून घ्यायच्या. नाना कोंडले गेले हे सगळ्यांना दिसत होतं. काकूही त्याच खोलीत होत्या, हे लोक विसरायचे. मीसुद्धा विसरायचे. बँकेतून येताना खिडकीपाशी दोन मिनिटं थांबायचे, आणि त्या काहीतरी बोलायला लागल्या की माझं लक्ष घड्याळाकडे जायचं.

त्या घरात एकच गोष्ट काकूंच्या मदतीला होती. नानांनी चांगले असताना स्वतः बांधलेली तीन फुटांची माशांची टाकी आणि तिच्यातले पाच गोल्डफिश. टाकीतला दिवा लावला की नाना समोरच्या स्टुलावर बसत आणि तास-तासभर हलत नसत. तेवढ्या वेळात काकू आंघोळ करायच्या, कुकर लावायच्या, पेपर वाचायच्या. "ते माशांकडे बघतात तेवढा वेळ मी माझी," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

गेल्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीनंतर ती टाकी गळायला लागली. खालच्या कोपऱ्यातून आधी ओल आली, मग थेंब. काकूंनी खाली ताट ठेवलं, मग परात. नवीन टाकी आणू असं मी सुचवलं, पण नाना ओळखीची वस्तू हलली की बिथरायचे. नवा चहाचा कपसुद्धा त्यांना चालत नव्हता. तेव्हा हीच टाकी दुरुस्त करायची असं काकूंनी ठरवलं आणि मला येताना सिलिकॉनची ट्यूब आणायला सांगितली.

मी लालबागच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून ट्यूब आणली. काकूंनी ती गजांतून घेतली, पालथी केली, वाचली आणि परत माझ्या हातात दिली. ती बाथरूमच्या फरशांच्या सांध्यांत भरायची होती. तिच्यात बुरशी मारणारं औषध होतं, आणि ते हळूहळू पाण्यात उतरलं तर मासे जगणार नाहीत, असं त्यांनी मला समजावलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच दुकानदाराकडे गेले. त्याने दुसरी काढून दिली आणि व्हिनेगरसारखा वास आला की ती बिनधोक समजा, असा कानमंत्रही दिला. मी तो काकूंना ऐकवला. त्यांनी पहिल्या ट्यूबचं टोक मला हुंगायला लावलं. तिलाही तोच वास होता.

"वासावर औषध देत नाहीत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या ट्यूबच्या पाठीवर माशांविषयी चांगलं नाही, वाईटही नाही, काहीच लिहिलेलं नव्हतं. काकूंनी तिच्यावरच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने आधी टाळलं, मग कोणाला तरी विचारून आला आणि ही खिडक्यांसाठी आहे, माशांच्या टाकीला वापरा असं आम्ही सांगणार नाही, असं म्हणाला. काकूंनी त्याचे आभार मानले आणि ट्यूब माझ्याकडे सरकवली. मी दिवसभर काउंटरवर माणसांशी डोकं लावून आले होते. मला राग आला. मासेच तर आहेत काकू, असं मी म्हणून गेले.

त्या चिडल्या नाहीत. गजांना धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यांना पाणी पटलं नाही तर उठून जाता येतं का? नाही ना? मग त्यांच्या वतीने आपणच वाचायला हवं."

मी शनिवारी दादरला माशांच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारून एक ट्यूब दिली. तिच्या मागे स्पष्ट लिहिलं होतं: निव्वळ सिलिकॉन, बुरशीनाशक नाही, माशांच्या टाकीसाठी योग्य. काकूंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा परत कपाळावर ढकलला.

रविवारी मुलीने नानांना आतल्या खोलीत गुंतवून ठेवलं आणि आम्ही कामाला लागलो. मासे एका टबात घालून हवेच्या पंपासकट माझ्याकडे वर नेले, कारण टब खाली ठेवला तर नाना तो मोरीत ओततील ही भीती होती. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, म्हणून काकूंनी आतल्या बाजूचा जुना थर ब्लेडने कडेकडेने सगळा खरवडून काढला. काच स्पिरिटने पुसली. मग दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून कोपऱ्याकोपऱ्यात सिलिकॉनची रेघ ओढली आणि ओल्या बोटाने दाबत नेली. हे सगळं त्यांनी नानांना करताना पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं.

आता आठवडाभर टाकी कोरडी ठेवायची होती. ते सात दिवस त्या घरावर भारी गेले. खोलीत आंबूस वास कोंडला होता, खिडकी सतत उघडी, आणि नानांना बघायला काही नव्हतं. ते दाराशी जाऊन कुलूप हलवायचे. कामाला उशीर झाला म्हणायचे. काकूंना 'बाई' म्हणायचे आणि 'मला इथे का ठेवलंय?' असं विचारायचे. मला वरपर्यंत ते ऐकू यायचं. चौथ्या दिवशी मी खाली जाऊन सिलिकॉनला बोट लावून पाहिलं. ते सुकलं होतं. मासे आणून सोडू या, असं मी सुचवलं. काकूंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी मान हलवली.

"वरून सुकलंय," त्या म्हणाल्या. "आतून नाही."

पाचव्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी दारावर टकटक झाली. उघडलं तर काकू एकट्या उभ्या. दोन वर्षांत त्या जिना चढून वर आल्या नव्हत्या. टबातलं पाणी बदलायला आले म्हणाल्या, पण टबाकडे गेल्या नाहीत. माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"आज मी बाहेरून कुलूप लावलं," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मी त्यांच्याबरोबर आत होते. आज त्यांना कोंडलं."

मी चहा ठेवला. तो उकळायच्या आत त्या उठल्या, आणि मीही त्यांच्या मागे उतरले. आतून आवाज येत नव्हता. काकूंनी कुलूप उघडलं.

नाना रिकाम्या टाकीपुढे स्टुलावर बसले होते. हात आत घालून त्यांनी अंगठा कोपऱ्यातल्या जोडावर ठेवला होता आणि तो वरपासून खालपर्यंत अगदी हळू फिरवत होते. गोदीत आयुष्यभर लोखंड जोडलेला तो अंगठा होता. आम्ही आत आलो तसं त्यांनी मान वळवली.

"जोड चांगला आलाय," ते म्हणाले. "कुठे तुटला नाही. कोणी मारला?"

"मी," काकू म्हणाल्या.

नानांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओळख नव्हती, पण आदर होता. "हात चांगला आहे, बाई तुमचा. फक्त घाई करू नका."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले नाही. नंतर मला कळलं, चाळीस वर्षांच्या संसारात नानांनी त्यांच्या कुठल्याही कामाला चांगलं म्हटलेलं ते पहिलंच.

आठव्या दिवशी टाकी भरली. एक दिवस नुसतं पाणी ठेवून ते ओतून दिलं, पुन्हा भरलं, मग मासे सोडले. एक थेंब गळला नाही. पाचही मासे जगले. नाना स्टुलावर परतले, आणि पुढचं दीड वर्ष त्या माशांसमोरच काढून, एका दुपारी झोपेतच गेले.

मुलगी काकूंना ठाण्याला घेऊन गेली. मासे आणि टाकी काकूंच्या जुन्या दवाखान्याने मागून घेतली. रांगेत बसलेल्या मुलांना बघायला होतील म्हणून. निघताना काकू टॅक्सीत बसल्या, आणि पुन्हा उतरून घराचं दार नीट लागलं का ते पाहून आल्या. मी त्यांना नमस्कार केला. खूप बोलायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

परवा त्यांचा फोन आला. मुलीची सोसायटी फार मोठी, सगळ्या इमारती एकसारख्या. सकाळी फिरायला उतरल्या आणि घराचा रस्ता चुकल्या. मग एका बाकावर बसून राहिल्या.

"तासभर बसले होते," त्या म्हणाल्या. "कोणी शोधायला आलं नाही. मलाही कोणाला शोधायचं नव्हतं."

त्या घाबरल्या होत्या की सुखावल्या होत्या, ते आवाजावरून मला कळेना. मी घाबरून विचारलं, मग घरी कशा आलात?

"आले विचारत विचारत," काकू म्हणाल्या. "आधी जरा बसले मात्र."