बंड्याच्या गाठी आणि माझी अर्धी गोळी

"लिम्फ नोड्स. सगळेच सुजलेत," अड्यारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या, जबड्याखालचा हात त्यांनी मागच्या गुडघ्यामागे नेला. तिथेही गाठ.

लिम्फ नोड म्हणजे रोगाशी लढणाऱ्या गाठी. कुत्र्यांत त्या गोचीडतापाने सुजतात, नाहीतर लिम्फोमाने. लिम्फोमा म्हणजे या गाठींचाच कॅन्सर. सुईने पेशी काढून तपासायच्या, त्याला एफएनएसी म्हणतात.

"स्टिरॉइड दिलंय का काही?" बाईंनी इंग्रजीत विचारलं. त्याने गाठी तात्पुरत्या बसतात आणि तपासणी फसते. माझी मुलगी सायली ठाम नाही म्हणाली. मी भिंतीवरचा तक्ता बघत बसलो.

खरं सांगतो. जबड्याखालची गाठ पहिल्यांदा माझ्याच हाताला लागली होती. सायली दिवसभर गिंडीच्या ऑफिसात. मी कोल्हापूरचा, इथे तमिळ मुलखात मुलीकडे राहतो, तमिळ येत नाही; मराठीत बोलायला घरात बंड्याच. माझ्या दम्याची स्टिरॉइडची गोळी रोज अर्धी दहीभातात घालून दिली. गाठ उतरली. केवढा खूश झालो मी! गोळी थांबवली आणि चार दिवसांत गाठी दुप्पट.

दवाखान्यातून आलो. जिना चढताना बंड्या मध्येच बसला, तसा माझा धीर सुटला. सगळं सांगून टाकलं.

"अहो बाबा, डॉक्टर विचारत होत्या तेव्हा दातखीळ बसली होती का?" सायली ओरडली आणि तिने लगेच फोन लावला. आज काढलेल्या पेशींवर भरवसा नको, बाई म्हणाल्या, आठवड्याने पुन्हा सुई.

तो आठवडा कुणाच्या वाट्याला येऊ नये. सकाळी उठलो की आधी बोट त्याच्या जबड्याखाली. नवस बोललो, पण देवालाही गोळीचं सांगायची लाज वाटली.

रिपोर्ट आला. लिम्फोमा. केमोथेरपी दिली तर काही महिने, बाई म्हणाल्या.

आता दोन इंजेक्शनं झालीत. गाठी थोड्या उतरल्यात, तो जेवतो. तुमच्या कुत्र्याच्या अंगावर गाठ हाताला लागली तर स्वतःच्या गोळ्यांच्या डब्याला हात लावू नका. आणि लावलाच असेल, तर विचारल्याबरोबर तोंड उघडा.

रिपोर्टच्या दिवशी मी सायलीला म्हटलं, विचार त्यांना, माझ्यामुळे झालं का हे? बाई बराच वेळ इंग्रजीत बोलल्या. सायली म्हणाली, "गाठी तुमच्यामुळे झाल्या नाहीत, बाबा." एवढंच.

कारखान्यात तीस वर्षं मी यंत्रांची इंग्रजी पुस्तकं वाचली. बोलता येत नाही, कळतं. बाई पुढे म्हणाल्या होत्या, त्या गोळ्यांमुळे आता औषध कमी लागू पडेल. ते वाक्य पोरीने माझ्यासाठी गिळलं. मला कळलंय, हे मी तिला कधीच सांगणार नाही.