भावना बाजूला ठेवा, मॅडम

विकलेल्या घरासाठी लोकांना रडू न देणं, हा माझा व्यवसाय आहे.

आचोळ्यात माझं छोटं ऑफिस आहे. एक टेबल, चार खुर्च्या आणि गरगर आवाज करणारा पंखा. फ्लॅट विकायला किंवा घ्यायला माणूस आत आला की पहिली दहा मिनिटं मी त्याला फक्त एकच गोष्ट सांगते, ती म्हणजे व्यवहारात भावना आणू नका. सांगावं लागतं, कारण लोक आणतातच. एक निवृत्त सर गिऱ्हाइकाला बेडरूम दाखवायच्या आधी मुलीच्या लग्नाचा अल्बम दाखवायचे. एका काकूंनी फ्लॅट विकताना अट घातली होती की दर गौरीला त्या हळदीकुंकवाला इथेच येणार. घेणारेही काही कमी नसतात. एक नवरा तर दारातच चपला काढता काढता बायकोला म्हणाला, ‘हेच आपलं घर.’ त्यानंतर भाव कमी करून मागायला त्याच्याकडे तोंडच उरलं नाही. अशा सगळ्यांना मी समजावते की घर म्हणजे चार भिंती, पक्की कागदपत्रं आणि पाणी यायची वेळ. बाकी सगळं तुमच्या डोक्यात आहे, ते तुमच्याबरोबर टेम्पोतून जाईल.

अशी ही मी. आणि मग आमचंच घर विकायची वेळ आली.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि सासूबाईंचे गुडघे गेलेले. डॉक्टरकडे न्यायचं तर माझा नवरा सुहास आणि समोरचे परब त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली न्यायचे. सासूबाई प्रत्येक मजल्यावर खुर्ची थांबवून लोकांची विचारपूस करायच्या. त्यांना तेवढाच बदल. इकडे परबांना घाम फुटायचा. एकदा दुसऱ्या मजल्यावर सुहासचा पाय घसरला, खुर्ची तिरकी झाली, आणि सासूबाई कठड्याला धरून कशाबशा वाचल्या. त्या दिवसापासून त्यांनी खाली उतरायचंच सोडलं. पाच महिने बाई जिना उतरल्या नाहीत. मग मी जवळच्या पापडी गावात तळमजल्यावरचा एक फ्लॅट शोधला. मालक फिलिप काका म्हणजे सज्जन माणूस. त्यांनी टोकन घेतलं आणि दोन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्या वेळात आमचा फ्लॅट विकला गेला नाही, तर टोकनही जाणार आणि घरही.

सुहास म्हणाला की हे काम आपण नीलेशला देऊ. नीलेश आधी माझ्याच ऑफिसात होता. सगळं माझ्याकडेच शिकला आणि आता रस्त्यापलीकडे स्वतःचं ऑफिस थाटून बसलाय (त्याच्याकडे एसी आहे). मी सुहासला विचारलं, माझं स्वतःचं दुकान असताना मी दुसऱ्याला दलाली देऊ? तो विषय तिथेच संपला.

रविवारी सकाळी मी घरच्यांचा वर्ग घेतला. सुहासचा प्रश्न असा आहे की त्याला खोटं बोलता येत नाही. ऑफिसातून खोटी सुट्टी घ्यायची झाली तरी त्याला खरोखरच ताप येतो. त्याला मी सांगितलं की गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी एकच उत्तर द्यायचं, ‘ते मॅडमना विचारा.’ त्याने ते वहीत लिहून घेतलं. सासूबाईंना सांगितलं की लोक येतील तेव्हा तुम्ही समोर परबवहिनींकडे बसायचं. मला फक्त दार ओलांडायचं ना, मग हरकत नाही, असं त्या म्हणाल्या.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मालाडहून आलेलं एक कुटुंब. सुहासने सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे केलं. पाणी किती वाजता येतं? ते मॅडमना विचारा. पार्किंग आहे का? ते मॅडमना विचारा. इथवर ठीक होतं. मग त्यांनी बाथरूम कुठे आहे असं विचारलं, तेव्हाही हा म्हणाला, ‘ते मॅडमना विचारा.’ शेवटी त्या गृहस्थांनी सहज म्हणून त्याला नाव विचारलं आणि सुहासने माझ्याकडे बघितलं. त्यांची खात्रीच पटली की हा माणूस इथला मालक नाही आणि घराचं काहीतरी कोर्टात चालू आहे. परत फोन म्हणून आला नाही.

दुसऱ्या वेळी सुहासला मी बाजारात पाठवलं. येणारं जोडपं नवीन लग्न झालेलं होतं. मी हॉल दाखवला आणि बेडरूमच्या खिडकीपाशी त्यांना नेलं, तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. परबवहिनींकडची सिरीयल संपली होती आणि आपल्या घरी माणसं आलीत हे त्यांनी ऐकलं होतं. पाहुण्यांना चहा विचारल्याशिवाय कसं राहायचं, म्हणून त्या भिंतीला धरून आल्या होत्या. त्यांनी दोघांनाही कॉटवर बसवलं आणि प्रेमाने सांगितलं, ‘इथे वारा फार छान लागतो. आमचे हे अगदी याच जागेवर गेले. शेवटपर्यंत घाम म्हणून नाही आला.’

दोघंही एकदम उठले. चहा विचारायचा राहूनच गेला.

नंतर मी सासूबाईंना बरंच बोलले. त्यांना माझं काही समजेना. त्यांचं म्हणणं असं की त्या हवेशीर खोलीचं कौतुकच तर करत होत्या.

तिसऱ्या वेळी मात्र सगळं जुळून आलं. पूजा आणि वैभव असं ते जोडपं. ती शाळेत खेळाची शिक्षिका, आणि तो कामणला एका गोदामात सुपरवायझर. दोघंही साताऱ्याकडची, सरळ बोलणारी. सुहासला मी सहा उत्तरं पाठ करायला दिली होती आणि ती त्याने बरोबर दिली. सासूबाईंसाठी परबवहिनींनी लागोपाठ दोन सिरीयल लावून ठेवल्या होत्या. पूजाला हॉल आवडला, खिडक्या आवडल्या. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे हेही तिला आवडलं. वैभवने सांगितलेला भाव आमच्या भावाच्या इतका जवळ होता की मी मनातल्या मनात पापडीच्या घराला पडदे लावायला घेतले.

शेवटी स्वयंपाकघर राहिलं होतं. पूजा ओट्यासमोर उभी राहिली. मुलगी चांगली उंच, पावणेसहा फूट तरी असेल. तिने वाकून ओट्यावर हात टेकले, सरळ झाली, पुन्हा वाकली, आणि नवऱ्याला म्हणाली, ‘हा फोडून उंच करून घ्यावा लागेल.’

आता मला त्या ओट्याविषयी थोडं सांगायला पाहिजे. (गिऱ्हाइकांनी असं वाक्य सुरू केलं की मी त्यांना थांबवते.) माझी उंची चार फूट दहा इंच. आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने बांधलेला ओटा माझ्या छातीला लागायचा. सुहासने तो फोडायला लावला. मला रिकाम्या स्वयंपाकघरात उभं केलं आणि हवेत चपात्या लाटायला सांगितल्या. मी लाटत होते आणि गवंडी माझ्या कोपराशी भिंतीवर खडूने रेघ मारत होता. सुहास त्याला सांगत होता, अजून खाली घ्या, तिचा खांदा वर जातोय. लग्नानंतर या माणसाने मला आवडेल अशी एकही साडी आणलेली नाही. पण माझा खांदा वर जातोय हे त्याला दिसलं होतं.

तर पूजा म्हणाली, फोडावा लागेल, आणि माझ्या तोंडून शब्द गेले, ‘का? काय वाईट आहे त्यात?’

ती बिचारी म्हणाली की वाईट काही नाही, फक्त कंबर दुखेल. त्यावर मी तिला विचारलं, तुम्ही स्वयंपाक करता तरी का? हे मी विचारलं. गिऱ्हाइकाला. वैभव मध्ये पडला आणि म्हणाला की घरात स्वयंपाक तोच करतो. तो तर तिच्याहूनही उंच होता. मग मी ग्रॅनाइट अखंड आहे, असा आता मिळत नाही, असं काहीतरी सांगायला लागले. ओटा ठेवणार असाल तरच पुढे बोलू, अशी अट घातली. वैभवने गोंधळून सुहासकडे बघितलं. सुहासला या प्रश्नाचं उत्तर पाठ करायला दिलेलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, ‘ते मॅडमना विचारा.’

पण मॅडम तोवर रडायला लागल्या होत्या. मी त्या दोघांना खडूची रेघ सांगितली, गवंडी सांगितला, हवेतल्या चपात्या हातवारे करून दाखवल्या. पूजाने मला पाणी दिलं, माझ्याच माठातलं. जाताना ती माझ्या खांद्यावर थोपटून गेली, आणि त्याच वेळी मला कळलं की हे गिऱ्हाईक गेलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता त्या माझा हिशेब चुकता करणार. पण त्या फक्त म्हणाल्या, ‘पुढच्या वेळेला माझ्याबरोबर परबांकडे चल.’

त्यानंतर महिनाभर कोणी फिरकलं नाही. फिलिप काकांचा फोन आला. पंधराच दिवस राहिलेत, माझा नाइलाज आहे, असं त्यांनी फार संकोचाने सांगितलं. संध्याकाळी ऑफिसातून परत येताना सुहास मला न विचारता रस्त्यापलीकडच्या एसीत जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी नीलेश आमच्या हॉलमध्ये बसला आणि त्याने मला दहा मिनिटं समजावलं. सगळी माझीच वाक्यं होती, त्याच क्रमाने. चार भिंतींपाशी मी जशी थांबते, तसाच तोही थांबला. शेवटी तो फार आदराने म्हणाला, ‘मॅडम, उद्या पार्टी येईल तेव्हा तुम्ही घरात नको.’

मी विचारलं, आणि हे दोघं? तर म्हणे सर आणि आजी राहू देत, त्यांचा त्रास नाही.

त्याप्रमाणे मी परबवहिनींकडे सेफ्टी डोअरला कान लावून बसले. पायऱ्यांवर आवाज आला तो पूजाचा. नीलेशने त्याच दोघांना परत आणलं होतं. सासूबाईंनी चहा केला, सुहासने भिंतीला कुठे ओल येते ते आपणहून दाखवलं, आणि वीस मिनिटांत आमचं घर विकलं गेलं. मी नीलेशला विचारलं, कसं जमवलंस? त्याने सांगितलं की काही नाही, ओटा फोडायचा खर्च आपण भावातून सोडला. म्हणजे माझा ओटा माझ्याच पैशाने फुटणार होता, आणि त्यावर नीलेशची दलाली वेगळी. घरच्यासारखी सवलत दे, असं मी त्याला म्हणून पाहिलं. त्याने इतक्या प्रेमळ नजरेने माझ्याकडे बघितलं की मी चेकबुक आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहास डबा भरायच्या आधी टेप घेऊन ओट्याशी वाकलेला दिसला. मी विचारलं, काय करतोयस? ‘पापडीच्या गवंड्याला माप द्यायला लागेल ना,’ तो म्हणाला आणि आकडा वहीत लिहून आंघोळीला गेला.  त्या सकाळी चपात्या जरा जाड झाल्या.

रजिस्ट्रेशनला सासूबाई सोडून आम्ही सगळे गेलो. त्या ऑफिसात मी इतकी वर्षं लोकांना घेऊन जाते की तिथला काँप्युटरवरचा माणूस मला दुरूनच ओळखतो. त्याने विचारलं, मॅडम, आज तुमची पार्टी कुठाय? मी म्हटलं, आज मीच पार्टी. त्याने माझ्या मागे फाइल घेऊन उभ्या असलेल्या नीलेशकडे बोट केलं आणि विचारलं, ‘मग हे?’

‘हे माझे एजंट,’ मी म्हटलं.

 त्याने खाली मान घालून बराच वेळ टाइप केलं आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. नीट वाचून घ्या, चूक असेल तर आत्ताच सांगा, नंतर बदलता येत नाही, असं म्हणाला. मी वाचलं. नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं. व्यवसायापुढे त्याने मला न विचारताच लिहिलं होतं, ‘गृहिणी’.

मी ते दोनदा वाचलं. चूक काही नाही, असं म्हटलं आणि अंगठा टेकवला.