कायचा अर्धा?

गावाला चौथीचा वर्ग मिळाला तो माझ्यामुळे. गाव हे मानतं, शिक्षण खात्यानं कधी मानलं नाही. खात्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तेव्हा जिल्हा एकच होता, चांदा. गडचिरोली ही त्यातली एक तहसील. वैनगंगेपलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका धानाच्या गावात मी शाळेचा एकटा मास्तर होतो. शाळा तिसरीपर्यंतच. चौथी शिकायची तर दोन नाले ओलांडून, अस्वलांच्या रानातून दुसऱ्या गावी जावं लागे. मुलगे थोडेफार जात आणि पावसाळ्यात तेही घरी बसत. मुलीला त्या वाटेनं कोणी पाठवत नसे. तिसरी झाली की मुलगी रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, लागायची. त्या वर्षी माझ्या तिसरीत पाच मुली होत्या आणि पाचही हुशार होत्या. गावात चौथी आली नाही, तर त्यांची शाळा त्या उन्हाळ्यात संपणार होती. वर्ग द्यायचा की नाही हे शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या शिफारशीवर ठरायचं.

मी मास्तराच्या घरचा नव्हतो. बाप दुसऱ्याच्या घरी सालदार. मी मोहफुलं वेचली, विकली आणि त्यावर सातवी झालो. गणित शिकलो ते बाजारात. व्यापारी म्हणायचा, "फुलं ओली आहेत, तिसरा हिस्सा ओल धरतो." तीन शेर वाळल्या फुलांमागं एक शेर पाणी, म्हणजे पाणी वाळल्या फुलांच्या तिसऱ्या हिश्शाइतकं, हे खरं. पण तो कापायचा ओल्या चार शेरांचा तिसरा हिस्सा, आणि ओल्याचा तर तो चौथाच होतो. पोरवयात मी त्याला तोंडावर विचारलं, "कायचा तिसरा?" कायचा म्हणजे कशाचा. त्यानं हाकलून दिलं. पुढच्या बाजारी मी पुन्हा त्याच्यासमोर तेच विचारत उभा. तेव्हापासून माझ्यापुढं कोणी नुसता हिस्सा बोललं, की तो कशाचा हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्या पोरांना पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. झोपेतून उठवलं तरी म्हणाली असती. पण पाव म्हणजे काय, हे विचारलं की छपराकडं बघायची. एकदा मी तिसरीला सहज विचारलं, "एकास दोन म्हणजे कितवा हिस्सा?"

मुली म्हणाल्या, "अर्धा."

मुलगे म्हणाले, "तिजा." म्हणजे तिसरा.

मग भांडण लागलं. एका मुलीनं सांगितलं, "भात मांडतो तं एका गिलासाले दोन गिलास पानी टाकतो. तांदूर पान्याच्या अर्धाच असते ना."

मागून एक मुलगा उठला. "बोडीतली मासोळी काढली का गावाले एक वाटा अन् जाळंवाल्याइले दोन. गावाले तिजाच वाटा भेटते. तुले काय मालूम, तू तं फक्त खाते."

बोडी म्हणजे गावचा लहान तलाव. तिथं वाटे पडताना मुलगे हजर असत, मुली चुलीपाशी. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या आणि एकमेकांना मूर्ख म्हणत होत्या. मी आधी पट्टी आपटून सगळ्यांना गप्प केलं. मग जमिनीवर चिंचोके मांडले. डावीकडं एक, उजवीकडं दोन. डावा चिंचोका उजव्यांच्या अर्धा. तिन्ही एकत्र ओढले, तर त्यातला तिजा. चिंचोके तेच राहिले. कशाशी ताडून पाहिलं एवढंच बदललं. एकास तीन मांडले, तेव्हा पोरांनीच सांगितलं, उजव्या तीनचा तिजा, साऱ्यांचा चौथा. मी त्यांना एकच नियम घालून दिला. कोणीही हिस्सा विचारला, तर उत्तर द्यायच्या आधी विचारायचं, "कायचा?"

पोरांना खेळच मिळाला. आई म्हणाली अर्धी भाकर खा, तर "कायची अर्धी?" आया शाळेत तक्रार घेऊन आल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला साहेब आले. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि हे साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. बैलगाडीत अंग खिळखिळं झालेलं, तरी आल्याबरोबर वर्गात बसले. वाचन घेतलं, कविता घेतली. मग गणितावर आले. गावकरी शाळेला खोली बांधणार म्हणून बाहेर चुना आणि वाळूचे ढीग पडले होते. त्याकडं बोट करून त्यांनी पहिल्या ओळीतल्या मुलीला विचारलं, "एक पाटी चुना घेतला तर वाळू दोन पाट्या. मग चुना किती हिस्सा?"

ती उभी राहिली आणि म्हणाली, "कायचा?"

"कायचा म्हणजे? चुन्याचं विचारतोय मी."

"हो साहेब. पन कायचा हिस्सा?"

साहेबांना वाटलं, पोर अडली. त्यांनी मदत केली. "अर्धा. होय की नाही?"

"कायचा अर्धा?"

आमच्याकडं हा साधा प्रश्न आहे. पुण्याच्या कानाला तो ‘कसला आलाय अर्धा’ असा लागला. साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "हेच वळण लावलंत का मुलांना?" त्यांनी मला विचारलं.

राग आला की माझी पुस्तकी भाषा सुटते. "साहेब, तुमी चुकून राह्यले," मी म्हणालो. "पोरगी उलटून नाई बोलली. तुमचा सवालच अर्धा हाय."

दारात गावचे पाटील उभे होते. ते खोकले. "गुरुजी, जरा दमानं घ्या ना भाऊ."

मी दमानं घेतलं नाही. चिंचोके साहेबांच्या बुटांपुढं मांडले. एक चुना, दोन वाळू. साहेब वाकून बघत राहिले. मग त्या मुलीकडं वळले. "बरं. वाळूच्या मानानं?"

"अर्धा."

"कालवलेल्या सगळ्या मालाचा?"

"तिजा."

ते सरळ बसले. मला वाटलं, झालं. पण ते म्हणाले, "गुणोत्तर चौथीच्या अभ्यासात आहे. तिसरीला शिकवायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. इथं चौथी द्या, चौथीत शिकवतो."

"तुम्ही माझ्याशी सौदा करताय?"

"हो साहेब. वर्ग द्या. पुढल्या साली या आणि वाट्टेल ते विचारा. यातलं एक पोर अडलं तर वर्ग काढून घ्या, मीही जातो."

साहेबांनी त्या मुलीला विचारलं, "चौथी झाली तर येशील?"

"इथी झाली तं येईन."

पाटलांकडं जेवून ते उन्हातच निघाले.

पावसाळ्याआधी दोन हुकूम एकाच टपालानं आले. पहिला, शाळेला चौथीचा वर्ग मंजूर. दुसरा, माझी बदली थेट सिरोंच्याच्या बाजूला, जिथं पोरं घरी तेलुगू बोलत. मी चौथीची अट घातली होती. ती चौथी मीच शिकवणार, ही अट बोलायची राहिली. इतके बाजार केलेल्या माणसाचा असा सौदा व्हावा. तिकडं वर्षभर काढलं आणि नोकरी सोडून धानाच्या व्यापारात उतरलो. पुढं बरं चाललं. पण सगळं आठवतं. पाचही मुली चौथीला बसल्या आणि पास झाल्या, हे पाटलांनी बाजारात भेटून सांगितलं. ती चौथी दुसऱ्या कोणीतरी शिकवली. साहेबांनी माझी बदली उद्धटपणासाठी केली की मी बरोबर होतो म्हणून, हे कोणी कधी सांगितलं नाही.

ही गोष्ट मी घरी पुष्कळदा काढतो. बायको पान वाढता वाढता म्हणते, "जाऊ द्या ना आता. अर्धं तं भेटलं."

"कायचं अर्धं?"

"गावाले पुरं भेटलं, तुमाले काईच नाई," ती म्हणते. "बसा जेवाले."