वेगळ्या पोटाचे अण्णा

नागूअण्णांना "कसं काय?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की डावा हात पोटावर जायचा, डोळे मिटायचे आणि काल दुपारच्या आमटीपासून कथा सुरू व्हायची. कुंभारीच्या आमच्या कॉलनीत ते माझे शेजारी. शाळेत हेडक्लार्क होते. अंगाने ठणठणीत, पण बोलणं असं की माणूस आजच्या आज जातोय.

"माझं पोट येगळं हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या वेगळ्या पोटापायी सुशीलावहिनी वीस वर्षं दोन स्वयंपाक करत होत्या. अण्णांना मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण, बाकीच्यांना भाकरी-कालवण. मोहोळला वहिनींच्या माहेरी मुक्काम नाही, कारण पोट. बाजाराची पिशवी उचलायची वेळ आली की हमखास पोट. शेंगाचटणीचा डबा मात्र ते गुपचूप उघडायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षी शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटात जंतू आहे. अण्णांना इतका आनंद झालेला मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्यांनी रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला. जंतूचं लांबलचक इंग्रजी नाव पाठ केलं. आणि आपलं दुखणं किती मोठं आहे हे लोकांना कळावं, म्हणून त्याच डॉक्टरांना गळ घालून कॉलनीच्या समाजमंदिरात शिबिर भरवलं.

औषध प्यायचं आणि पिशवीत फुंकायचं, एवढीच तपासणी. निकाल आले आणि अण्णांचं तोंड उतरलं. पानवाल्याला जंतू. रिक्षावाल्याला जंतू. मला जंतू. ज्यांना अण्णा कधी नीट नावाने हाक मारत नसत, त्या झाडूवाल्या बाईंच्या पोटातही तोच. डॉक्टर म्हणाले, हा बहुतेक लहानपणीच घरच्यांकडून पोटात शिरतो, कुठल्याही गल्लीत गेलात तरी घरोघरी सापडेल, आणि पुष्कळांना जन्मभर पत्ताही लागत नाही. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मशिनीत घोळ हाय." आपल्या दुखण्याला एवढे वाटेकरी निघाल्याचा त्यांना संताप आला होता.

तेवढ्यात वहिनी डॉक्टरांना चहा घेऊन आल्या. कप ठेवला आणि टेबल धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी त्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी दुर्बिणीने तपासायला बोलावलं. मीच दोघांना रिक्षाने घेऊन गेलो. जंतू तोच निघाला. पण अण्णांच्या पोटात नुसती सूज होती आणि वहिनींच्या पोटात जुनी जखम, त्यातून रक्त झिरपत होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर बाई हाताला लागली नसती, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. मग त्यांनी वहिनींना विचारलं, किती दिवस दुखतंय.

"लई वर्सं झाली की," वहिनी म्हणाल्या. "पर घरात एक आजारी असताना दुसऱ्यानं कसं पडायचं?"

अण्णांचा हात पोटाकडे निघाला होता, तो मध्येच थांबला. मला माझीही लाज वाटली. वीस वर्षं त्या घरचा चहा पीत अण्णांचं पोट ऐकलं, वहिनींना एकदाही काही विचारलं नाही.

आता वहिनी बऱ्या आहेत. मऊ भात अण्णा लावतात, रोज खाली लागतो. "कसं काय?" म्हटलं की ते आत स्वयंपाकघराकडे बघतात आणि म्हणतात, "तिला इचारा."