मेंदीतल्या चिमण्यांचा आकडा

भंडाऱ्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन मी गावी, एकोडीला परतलो, त्याच हिवाळ्यात मोबाइलवर पक्षीगणनेचं आवाहन वाचलं. आपल्या परसात पंधरा मिनिटं बसायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि यादी पाठवायची. जन्मभर बेरजाच केल्या, हे काय अवघड, असं मला वाटलं.

दुपारी घरामागच्या सांदवाडीत खुर्ची टाकली. बुलबुल दोन, दयाळ एक, साळुंक्या चार, चिमण्या त्रेसष्ट. दुसऱ्या दिवशी याद्या तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. त्या भंडाऱ्याला कॉलेजात शिकवत. एवढ्या चिमण्या कशा मोजल्या, त्यांनी विचारलं. दिसली की लिहिली, मी म्हणालो. त्यांनी समजावलं, तीच चिमणी उडून पुन्हा येते. एका वेळी जास्तीत जास्त दिसतील तेवढ्याच लिहायच्या. तसं मोजलं तर नऊच भरल्या. यादी दुरुस्त केली, पण दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

बायको शेंगा सोलता सोलता सगळं ऐकत होती. म्हणाली, "दुपारी कायले मोजता? दिवस बुडाच्या आधी मेंदीत पाहा. साऱ्या तिथंच झोपाले येतात."

पुढच्या वर्षी आम्ही दोघं मेंदीच्या कुंपणाजवळ बसलो. लाखोळीच्या शेतांवरून चिमण्या दोन-दोन, पाच-पाच करत येत आणि आत शिरत. शिरलेली बाहेर येत नव्हती. पाच झाल्या की बायको टोपलीतला एक वाल सुपात टाकी. तीन संध्याकाळी मोजलं आणि सगळ्यांत कमी आकडा धरला. चौऱ्याहत्तर. गेल्या वर्षीच्या खोट्या आकड्यापेक्षाही जास्त! पाठवायला माझा हात धजेना.

"खरं आहे तं भेता कायले?" ती म्हणाली. मी पाठवलं.

या वेळी बाईंनी नुसता फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी चारच्या एसटीने त्या स्वतःच आल्या. चहा नंतर घेईन म्हणाल्या आणि कुंपणासमोर खाटेवर बसल्या. मी दारात उभा होतो, श्वास घ्यायचीही चोरी. अंधारून आलं, मेंदीतला कलकलाट हळूहळू थांबला, तेव्हा त्या उठल्या.

"काका, तुम्ही चौऱ्याहत्तर लिहिलेत. मला शहात्तर मिळाल्या."

"दोन विहिरीकडून आल्या असतील," बायको म्हणाली. "आमी बसतो तिथून ते बाजू दिसत नाही."

बाई तिच्याकडे वळल्या. मग चहा पिता पिता त्यांनी तिची मोजायची रीत नीट विचारून वहीत उतरवून घेतली आणि यादीवर नाव कुणाचं आहे, असं मला विचारलं. माझं होतं. मी तिथल्या तिथे मोबाइलवर गणनेसाठी तिच्या नावाचं खातं उघडलं.

आता यादी तिच्याच नावाने जाते. या फेब्रुवारीत तिने शेजारणींनाही बसवलं. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांनी गणना केली, आणि बाईंनी अकराही याद्या जशाच्या तशा मान्य केल्या.