एर्मिंदाबाई आणि डॉक्टरांची एकेचाळीस खोकी

आमच्या ब्युनोस आयर्समध्ये नवीन ओळख झाली की माणूस आधी नाव विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न टाकतो, "तुमचं कोणाकडे चालू आहे?" म्हणजे तुमचा मनोविश्लेषक कोण? टॅक्सीवाल्याचा असतो, खाटकाचा असतो. खाटकाच्या बायकोचा वेगळा असतो, कारण दोघांनी एकमेकांची गाऱ्हाणी एकाच डॉक्टरपुढे मांडली तर त्या बिचाऱ्याची पंचाईत. एर्मिंदा ब्रुस्को मात्र सरळ सांगायच्या, "कोणाकडेच नाही." समोरचा आवाज खाली आणून विचारायचा, "का हो, इतकं वाईट आहे?"

ग्रंथालयाच्या कागदपत्र विभागात आम्ही दोघी एकोणीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. बाई साठीला टेकलेल्या, एकट्या, आणि विलक्षण टापटिपीच्या. त्यांच्या घरी मसाल्याच्या बाटल्यासुद्धा अक्षरक्रमाने लावलेल्या. अशा बाईंच्या नशिबी डॉक्टर साउल वाइन्त्राउब यांचे कागद आले.

हे डॉक्टर गावातले जुने मनोविश्लेषक. ते वारल्यावर त्यांची मुलगी रेबेका भाजीच्या ट्रकमधून एकेचाळीस खोकी घेऊन आली. त्यातल्या दोन खोक्यांना कांद्याचा वास होता.

"बाबांनी आयुष्यात काही फेकलं नाही," ती म्हणाली. "आता तुम्हीही फेकू नका. फक्त माझ्या घरी परत पाठवू नका."

अट एकच होती. रुग्णांच्या टिपणांची नऊ खोकी सत्तर वर्षं मोहोरबंद. बाकी सगळं वाचकांना खुलं.

बाकी सगळं म्हणजे काय नव्हतं! माणसं शीळ का घालतात, पेनल्टीच्या आधी गोलरक्षक कोणत्या पायावर उभा असतो, मोहल्ल्यातल्या कुत्र्यांची नावं, लिफ्टची भीती, मुंग्या, गाठी. डॉक्टरांना ज्याचं कुतूहल नव्हतं अशी गोष्ट जगात नसावी. आणि त्यांची मांडणी तर विचारूच नका. 'आई' असं लिहिलेल्या पाकिटात फ्रिजचं वॉरंटी कार्ड, ट्रामची चार तिकिटं आणि मुंग्यांवरची अठरा पानं.

बाई तीन दिवस त्या पाकिटाकडे बघत बसल्या.

"लावून टाका ना नीट," मी म्हटलं.

"छे! माणसाने ज्या क्रमाने ठेवलं तो क्रम आपण मोडायचा नसतो. त्याचं डोकं असं चालायचं, तर असंच राहू दे." मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, "पण फ्रिज कशाला गं, लिदिया?"

"आई थंड असेल."

"तू गप्प बस."

पुढे कुठल्याशा वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली आणि डॉक्टरांचे जुने रुग्ण आमच्या दाराशी लोटले. पहिल्या आल्या त्या फरचा कोट घातलेल्या एक बाई.

"बावीस वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी बोलत होते आणि माझ्या डोक्यामागे ते लिहीत होते. काय लिहीत होते ते मला बघायचंय."

"सत्तर वर्षांनी या," एर्मिंदाबाई म्हणाल्या.

"तेव्हा मी एकशे चाळीस वर्षांची असेन!"

"मग सावकाश या."

पण त्या गेल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि नवऱ्यापासून सुरू करून सगळं सांगितलं. एर्मिंदाबाई पेन्सिलीला टोक काढत नुसत्या "हं" म्हणत होत्या. उठताना कोटवाल्या बाईंनी निर्वाळा दिला, "डॉक्टरांपेक्षा तुमचं 'हं' बरं आहे." ही कीर्ती पसरायला आठवडा पुरला. येणाऱ्यांसाठी माते, म्हणजे आमचा इकडचा कडू हिरवा चहा, करून करून मी दमले.

एका सकाळी फाउस्तो कारिसो आले. बसचालक म्हणून निवृत्त झालेले, धिप्पाड, टोपी हातात धरून उभे.

"मला वाचायचं नाही काही," ते म्हणाले. "एवढंच सांगा, डॉक्टर माझ्यापायी कंटाळायचे का? अकरा वर्षं, दर बुधवारी गेलो. भाऊ पाराना नदीत बुडाला म्हणून गेलो होतो. आणि बोललो काय, तर गळ, दोऱ्या, आमिष. भावाचं नाव एकदाही काढलं नाही. त्यांचा वेळ फुकट घालवला, हे मनाला लागून राहिलंय."

बाईंनी नेहमीप्रमाणे सत्तर वर्षांचा नियम सांगितला. ते मान हलवून गेले. बाईंचं मात्र कामात लक्ष लागेना. दुपारी त्यांनी 'गाठी'चं खोकं उघडलं आणि जागीच थबकल्या. मग ते खोकं उचलून आमचे साहेब, आर्गुएयो, यांच्यापुढे नेऊन ठेवलं.

"हे संशोधन की रुग्णाचं टिपण?"

साहेबांनी चष्मा लावला. "नाव आहे का कोणाचं?"

"नाही."

"मग दोरी ही दोरीच असते, एर्मिंदाबाई."

दुसऱ्या दिवशी फोन करून फाउस्तोंना बोलावलं. टेबलावर हातभर दोरीचा तुकडा, त्याला एक वेडीवाकडी गाठ, आणि डॉक्टरांच्या अक्षरात चिठ्ठी : 'बुधवारच्या गृहस्थांनी शिकवली. त्यांच्या भावाची गाठ. माझा पाचवा प्रयत्न, फसला. ते हसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.'

फाउस्तोंनी दोनदा वाचलं. "भावाची, असं मी सांगितलं होतं?"

"लिहिलंय म्हणजे सांगितलं असणार."

त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि दोरीकडे नीट बघून एकदम म्हणाले, "अहो, पण ही साफ चुकलीय!" आणि सोडवायला हात पुढे केला.

"हात लावू नका!" एर्मिंदाबाई इतक्या जोरात ओरडल्या की वाचनकक्षातल्या एका प्राध्यापकांच्या हातून पुस्तक पडलं.

"पण चूक आहे ना!"

"चूक डॉक्टरांची होती. आता ती ग्रंथालयाची आहे."

फाउस्तो आधी चिडले, मग खो खो हसले. पुढच्या बुधवारी ते बरोबर गाठ मारलेली नवी दोरी घेऊन आले. बाईंनी देणगीचा फॉर्म पुढे केला. 'विषय' या रकान्यात त्यांनी बराच वेळ विचार करून लिहिलं : 'एउसेबियो, माझा धाकटा भाऊ.' मग खुर्चीत बसले आणि एउसेबियोबद्दल तासभर बोलले. तो कसा पोहायचा, कसा चिडवायचा, कसा प्रत्येक गोष्टीत थोरल्याच्या पुढे पळायचा. त्या दिवशी बाईंनी "हं"सुद्धा म्हटलं नाही.

वर्षभराने त्या निवृत्त झाल्या. आता दर रविवारी त्या आणि फाउस्तो नदीकाठच्या बांधावर गळ टाकून बसतात. पहिल्याच रविवारी बाईंना चांगला वीतभर पेहेरेय मासा मिळाला. सोमवारी तो कागदात गुंडाळून त्या थेट विभागात आल्या.

"बाई, इथे खाण्याची वस्तू आणायला मनाई आहे!" आर्गुएयोसाहेब म्हणाले.

"खायला नाही, दाखवायला आणलाय," बाई म्हणाल्या, आणि सगळ्या टेबलांवरून त्याची मिरवणूक काढून मगच घरी गेल्या.