आगगाडी काढायला शिकवणाऱ्या मालतीबाई

निरवांगीच्या शाळेत मी नवा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी शेजारच्या वर्गातून "झुकझुक, झुकझुक" असा एकच गलका चालला होता. डोकावून पाहिलं तर मालती गावडे बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. "काड्यापेटी काढता येते ना? मग गाडी आलीच की!" असं म्हणत त्यांनी एक चौकट काढली, तिच्या शेजारी दुसरी, दोन्हींना जोडणारी छोटी रेघ, खाली चाकं आणि पुढं इंजिन. बाईंची आणि माझी ओळख झाली ती अशी. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा तोच फळा आठवला.

वर्गातल्या बहुतेक मुलांनी आगगाडी पाहिलेली नव्हती. त्यांना ठाऊक होती एसटी आणि कारखान्याकडं जाणारा ट्रॅक्टर. एका मुलानं सगळ्या डब्यांत ऊसच भरला. बाईंनी विचारलं, "माणसं कुठं बसायची रं?" तो म्हणाला, "ऊस उतरला की बसतील." बाई मनापासून हसल्या आणि त्याचं चित्र भिंतीवर लावलं. मुलाच्या चित्रावर त्यांनी स्वतःची रेघ कधी ओढली नाही. डबा वाकडा असला तर वाकडा राहायचा.

त्याच वर्गात वैशाली नावाची मुलगी होती. तिनं कागद कोराच ठेवला.

"का गं? येत नाही का?"

"येती. पर मला न्हाय काढायची."

"का?"

"गाडीनं माज्या आईला नेलं."

शाळा सुटल्यावर मला बरोबर घेऊन बाई तिच्या घरी गेल्या. आजोबांनी, तात्यांनी, सगळं सांगितलं. वैशालीची आई पुण्याच्या दवाखान्यात होती, वडील तिच्याजवळ. दुखणं मोठं होतं. आई निघाली त्या दिवशी पोरगी बारामती स्टेशनवर गाडीमागं धावली होती. तेव्हापासून ती नीट जेवतही नव्हती.

बाई म्हणाल्या, "तात्या, रविवारी तिला आईला भेटवून आणते."

"नगं बाई. आईला तसं बघून रडंल पोरगी."

"रडू दे की. हितं तरी कुठं हसतीया?"

तात्यांनी होकारार्थी मान हलवली.

रविवारी आम्ही तिघं एसटीनं बारामतीला आणि तिथून गाडीनं पुण्याला निघालो. वैशालीनं बाईंचा पदर मुठीत घट्ट धरला होता. "आईला नेलं ती हीच गाडी का?" तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, "व्हय, हीच. आता तुलाबी आईकडंच नेतीया." मग मात्र ती खिडकीतून बाहेर पाहू लागली.

दवाखान्यात आई फार खंगलेली दिसत होती. वैशाली आधी दारातच थांबली. बाईंनी तिला हलकेच पुढं केलं. आईनं पडल्या पडल्या तिचे केस विंचरले, थांबत थांबत वेणी घातली. परतताना पोरगी पेंगत होती, पण डोकं टेकवेना. "येणी इस्कटंल," म्हणाली. त्या वेळी बाईंनी तोंड दुसरीकडं वळवलं.

थोड्याच दिवसांत आई गेली. तेराव्यानंतर तात्या शाळेत आले. "बाई, मी नगं म्हणत हुतो. तुमी ऐकलं न्हाय, लई बरं केलंत. मायलेकींची भेट झाली."

त्यानंतर बाईंनी वैशालीला गाडी काढ असं कधी म्हटलं नाही. ती शेळ्या काढायची. बाई त्या शेळ्यांचं कौतुक करायच्या. वैशाली आज मोरगावला सुखानं नांदते. माहेरपणाला आली की पहिले दोन दिवस मालतीबाईंकडं राहते.

निवृत्त झाल्यापासून बाई वडगाव निंबाळकरला असतात. रविवारी त्यांच्या ओसरीवर गल्लीतली मुलं जमतात आणि खडूनं फरशी रंगवून टाकतात. गुडघे दुखतात, फरशीवर नको, खुर्चीत बसा, असं डॉक्टरांनी बजावलंय. परवा मीही तेच सांगितलं, तर म्हणाल्या, "सर, खुर्चीतून पोरांचं चित्र उलटं दिसतं."

मालतीबाईंपुढं आमचं काही चालत नाही. तेव्हा मागणं एवढंच, की त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळावं, नजर अशीच स्वच्छ राहावी, आणि अजून पुष्कळ वर्षं त्यांनी मुलांशेजारी फरशीवर मांडी घालून बसावं.